शून्य पतंगांची परसबाग

सोनखडीच्या छबुबाई मोहनराव वायभट यांच्या परसबागेला तालुक्यात पहिला नंबर मिळाला. शाल मिळाली, नारळ मिळाला आणि डास मारायची चार्जिंगची बॅट मिळाली.

असं काहीही झालेलं नाही. वरच्या दोन ओळी वाचून झाल्या असतील तर विसरून जा. छबुबाईच्या घरात त्या दिवसाचा विषय काढायचा नाही असा नियम आहे. तिचे मालक मोहनराव हा नियम इतका कडक पाळतात की तो वार मंगळवार होता म्हणून हल्ली ते सोमवारनंतर एकदम बुधवारावर येतात. मंगळवारी कुणी वार विचारलाच, तर तंबाखू मळत आभाळाकडं बघतात.

तर काही झालेलं नाही. छबुबाई आहे, तिची परसबाग आहे आणि ती रागात आहे. इथून धरू.

छबुबाईचा राग गावाला नवा नव्हता. मागं एकदा म्हशीनं लाथ मारून भरली चरवी सांडली, तर छबुबाई आठ दिवस म्हशीशी बोलली नव्हती. धार काढायची, वैरण टाकायची, पण शब्द नाही. नवव्या दिवशी म्हैसच हंबरली. गावात अजून काहींचं म्हणणं आहे की म्हशीची बाजूही ऐकून घ्यायला हवी होती. पण ते राग यायचे आणि जायचे. हा गेला नाही, कारण हा राग लेखी होता. तीन लांब वह्या, पानं दोन्ही अंगांनी भरलेली.

दोन वर्षांमागं, पोळ्याच्या आसपास, कृषी सहायक परमेश्वर मोटारसायकलवर एक प्रकाश सापळा आडवा बांधून घेऊन आला. परमेश्वर म्हणजे सत्तावीस वर्षांचा, चौदा गावं सांभाळणारा, कंबर कायमची धरलेला पोरगा. त्यानं सापळा शेवग्याच्या झाडाजवळ उभा केला. तीन लोखंडी पाय, डोक्यावर सौर पाटी, पाटीखाली निळसर दिवा, दिव्याखाली नरसाळं, आणि नरसाळ्याखाली धुणं भिजवायला असतो तसा पिवळा टब. अंधार पडला की दिवा आपोआप लागायचा, तीन तासांनी आपोआप विझायचा. वायभटांच्या घरात एवढी शिस्त दुसऱ्या कुणाला नव्हती.

"मावशी," परमेश्वर म्हणाला, "टबात निम्म्यापर्यंत पाणी टाकायचं, वरून चमचाभर रॉकेल. पतंग दिव्याला येतंय, टबात पडतंय, मरतंय. सकाळी मोजायचं आन वहीत लिहायचं. कुठलं पाखरू कवा वाढतंय ते त्याच्यावरून कळतं. मी आठ दिवसाला येऊन वही बघतो."

"लिवायचं? मी?"

"तुमीच. चौथी झाली ना तुमची?"

आता इथं जरा थांबायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्यानं झाला. छबुबाईचं वय तेव्हा एकोणसाठ. एवढ्या आयुष्यात जेवढी सरकारी माणसं तिच्या दारात आली, त्या सगळ्यांनी तिचा अंगठा मागितला होता. सही येते म्हटलं तरी, "असू द्या मावशी, अंगठाच द्या, लवकर होतं," म्हणायची. हा पहिला माणूस, जो म्हणाला लिहा. त्याच संध्याकाळी तिनं मोहनरावांना फाट्यावर पिटाळून वही आणवली. मोहनरावांनी शंभर पानी आणली. तिनं ती परत पाठवली. "लांब आना. पाखरं लई येणार हायत."

मग तिनं टब बघितला. निम्मा टब म्हणजे दीड घागर. त्या साली सोनखडीला नळाचं पाणी सातव्या दिवशी येत होतं.

"मानसं सातव्या दिवशी आंगुळ करायलीत," ती टबाकडं बोट दाखवत म्हणाली, "आन ह्यास्नी रोज? पतंग काय जावई हाय का माझा?"

"आगं, सरकारनं सांगितलंय," मोहनराव म्हणाले.

"मंग सरकारला म्हनावं घागर घेऊन ये."

रॉकेल तर रेशनमधून गेल्याला जमाना झाला होता. तेव्हा छबुबाईनं टब कोरडाच ठेवला आणि त्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे मांडले. पतंग दिव्यावर धडकायचे, नरसाळ्यातून घरंगळायचे आणि पुठ्ठ्याच्या खळग्यात जाऊन निवांत झोपायचे. विश्रामगृहात आमदार झोपतात तसे. सकाळी छबुबाई कोंबडीचं एक पीस घेऊन बसायची, एकेकाला हळू ढोसून मोजायची, वहीत लिहायची. वांग्यात अंडी घालणाऱ्यांना तिनं महिन्याभरात ओळखलं, त्या कोंबडीला. त्यात दयामाया नव्हती. बाकीचे शेवग्याच्या सावलीत सोडून द्यायची. मग टब आतून-बाहेरून फडक्यानं पुसून, चकचकीत करून परत जागेवर. रात्रीचं खरकटं भांडं सकाळी तसंच ठेवायची तिच्या माहेरी रीत नव्हती, आणि टब हे भांडंच होतं.

साडेसातला सगळं उरकून ती कापसात जायची.

मोजता मोजता तिला कळायला लागलं की पतंग म्हणून एक काही नसतं. शंभर तऱ्हा असतात. त्यांची खरी नावं तिला ठाऊक नव्हती, म्हणून तिनं जवळची दिली. पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असतात, त्या कुंकवाच्या. दिव्याभोवती रात्रभर फिरून शेवटी कुठंच न बसणारा करडा, तो बंकट. बंकट हे गावचे माजी सरपंच, तीन पक्ष फिरून आलेले. तिळात वाढणारा एक दांडगा पतंग होता, पाठीवर कवटीसारखा डाग असलेला. त्याला बोट लावलं की तो चक्क चीं चीं करून ओरडायचा. त्याचं नाव साखराबाई. साखराबाई ही शेजारीण, शेळ्या राखायची, आणि तिलाही बोट लावायची सोय नव्हती.

आणि एक होता हिरवा शालू. कण्हेरीवर वाढणारा. शेवाळी हिरवा, त्यावर गुलाबी-पांढऱ्या लाटा, असा की विणणाऱ्यानं जन्मात एकच विणावा. तो दोन वर्षांत फक्त तीनदा आला. तिन्ही वेळेला छबुबाईनं त्या तारखेखाली दोन रेघा ओढल्या. बाकी अख्ख्या वहीत दोन रेघा कुठंच नाहीत. थोरल्या लेकीचं, मोहिनीचं लग्न त्याच वहीत एका कोपऱ्यात नोंदलंय, पण एका रेघेवर भागवलंय.

दोन वर्षांत सातशे एकोणीस संध्याकाळी दिवा लागला आणि सातशे एकोणीस सकाळी मोजणी झाली. अकरा खाडे. त्यातले चार लिंबागणेशला चतुर्थीला गेलती म्हणून, सात लेकीच्या लग्नात. एकूण पतंग अठ्ठावन्न हजार तीनशे बारा.

परमेश्वर आठ दिवसांनी आला नाही. पंधरा दिवसांनीही आला नाही. छबुबाईनं वही उंबऱ्याजवळच्या कोनाड्यात ठेवली, आला तर सापडावी म्हणून. कधी रानातून आल्यावर अंगणात मोटारसायकलच्या चाकाची वळणं दिसायची. म्हणजे येऊन गेला. वही होती तशीच.

"घाईत आसंल," ती म्हणायची. तेव्हा तिला राग आला नव्हता, हे लक्षात ठेवा. दोन वर्षं तिनं त्या पोराला सांभाळून घेतलं.

यंदा पोळा झाला आणि चौथ्या दिवशी साखराबाई शेळ्या तशाच सोडून पळत आली.

"आक्का! आगं आक्का! तुजा फोटो लागलाय फाट्याला! ह्यो एवढा!"

सोनखडीत फाट्यावर फोटो लागला तर माणूस एक तर वाढदिवसाचा असतो नाही तर मेलेला.

"वाढदिवस का वारले?" छबुबाईनं विचारलं.

"तसं कायबी न्हाई. पयला नंबर हाय म्हनं तुजा. परसबागंचा. खाली लिवलंय, शून्य पतंग."

"काय शून्य?"

"पतंग. माज्या नातवानं वाचून दावलं. सलग दोन वर्षं शून्य पतंग. पतंगमुक्त परसबाग. आक्का, तू तर म्हनायचीस लई येत्यात. मला तर म्हनलीस, साखराबाई नावाचा बी येतोय. आता ह्ये खरं का त्ये खरं?"

छबुबाई फाट्यापर्यंत चालत गेली. दीड किलोमीटर. बॅनरवर तिचा आधार कार्डातला फोटो होता, म्हणजे ती त्यात आधीच रागावलेली होती. वर हात जोडलेले विजयसिंह दादा होते. दादा म्हणजे स्पर्धा समितीचे अध्यक्ष, आणि तालुक्यातल्या बाकीच्या समित्यांचेही. तिच्या चौपट मोठे. मध्ये, टरबुजाएवढं, पिवळं, गोल शून्य. आणि तळाला बारीक अक्षरात: सदर ठिकाणी पतंगांचा प्रादुर्भाव नसल्याने प्रकाश सापळ्याची गरज संपली असून तो पारितोषिक वितरणानंतर नारायणगड भागातील गरजू परसबागेस हलविण्यात येईल.

तिनं ते दोनदा वाचलं. चौथी झालेली होती, त्यामुळं नीट वाचता आलं.

सातशे एकोणीस सकाळी. पाठीत कळ येईस्तोवर वाकून, पीस धरून, एकेक. ताप असताना. लेकीच्या सुपारीच्या दिवशी, पाहुणे दारात उभे असताना. आणि त्या सगळ्यावर कुणीतरी उभ्या उभ्या, इंजिन चालू ठेवून, एक शून्य टाकलं होतं. वर त्याला पहिला नंबर दिला होता.

परमेश्वर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आला, पेढे घेऊन. छबुबाई त्या दिवशी कापसात गेली नव्हती.

"मावशी, अभिनंदन! आख्ख्या तालुक्यात..."

"शून्य कुनाचं हाय?"

"आं?"

"ते बॅनरवरचं. कुनाचं हाय?"

"मावशी, मी पाच वेळा आलतो. पाची वेळा टब ठणठणीत कोरडा. मुंगी सुद्धा न्हाई. मग मी काय मनानं आकडा टाकू?"

"मंग शून्य कुनाच्या मनानं टाकलं?"

परमेश्वरानं विचार केला. "टबाच्या," तो म्हणाला.

"टब मी पुसून ठिवते रं! सकाळच्या पारी मोजते, सोडते, पुसते!"

"सोडते? मावशी, ते मारायचे असत्यात!"

"बुडवून मारायला पानी कुठाय? तू सातव्या दिवशी आंगुळ केलीस का कवा?"

छबुबाईनं तिन्ही वह्या आणून मोटारसायकलच्या टाकीवर आपटल्या. पेढ्यांचा पुडा खाली पडला; तो कोंबडीनं ताब्यात घेतला. परमेश्वरानं मधलं एक पान उघडलं. "भाद्रपद वद्य चौथ. एकशे चार. बंकट तीस. कुंकवाच्या नऊ. साखराबाई दोन." तो थांबला. "साखराबाई दोन म्हणजे?"

"दोन आलत्या."

"मावशी, हे मी वर कसं पाठवू? आन पाठवायचं म्हटलं तरी अॅपमध्ये वहीला जागा न्हाई. टबाचा फोटो आन आकडा, एवढंच."

"मंग वही कावून लिवायला लावली?"

वही लिहायला लावली होती हेच परमेश्वर विसरला होता, आणि ते त्याच्या तोंडावर दिसलं. म्हशीनं लाथ मारली होती तेव्हा निदान म्हशीला ते आठवत होतं.

"मावशी, एक करू," तो हळूच म्हणाला. "फेरतपासणी मागा. समिती येईल, डोळ्यानं बघंल. टबात पतंग दिसले तर शून्य जातंय, सापळा ऱ्हातोय. मंगळवारी दादा हिकडं येणारच हायत बक्षीस द्यायला. दहा वाजता."

"सकाळच्या दहाला? पतंग दहाला येतंय व्हय?"

"कार्यालयीन वेळ हाय मावशी. पतंगांना सांगून बघा."

सोमवारी संध्याकाळी दिवा लागला. मंगळवारी पहाटे छबुबाईनं मोजले: एकशे त्रेचाळीस. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं सोडले नाहीत. टब अंगणात आणला, त्यावर ओलं पोतं टाकलं आणि पुढ्यात पाट मांडून राखणीला बसली. समितीला दाखवायचे. बघा, मोजा, लिहा, आणि तुमचं शून्य घेऊन चालते व्हा.

दहा वाजले. अकरा वाजले. भाद्रपदातलं ऊन पोत्यातून आत उतरायला लागलं. आतून आधी फडफड यायची, ती कमी होत गेली. साडेअकराला तिनं पोत्यावर पाणी मारलं. तिच्या आंघोळीचं होतं. बाराला पुन्हा मारलं. मोहनराव म्हणाले, "येतील. मोठी मानसं हायत."

"मोठी मानसं उशिरा आली तर चालतंय. बारक्यांनी कोंडून मरायचं."

एक वाजता तिनं पोतं वर केलं. दोन बंकट उलटे पडले होते. एक साखराबाई होती, तिनं बोट लागल्यावर आवाजही केला नाही. मेलेल्या साखराबाईपेक्षा गप्प साखराबाई बघणं छबुबाईला जड गेलं.

"माजी साक्ष द्याया तुमी कावून मरायचं?" ती म्हणाली, टब उचलला आणि शेवग्याच्या गार सावलीत सगळे सोडून दिले. मग बसली. मग सवयीनं टब पुसला.

पुसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आपण काय केलं. मोहनराव उठून गोठ्यात गेले. म्हशीनं मान वळवून घेतली.

समिती आली संध्याकाळी पावणेसातला. पांढरी गाडी, तीतून विजयसिंह दादा, मागून मोठा चौकोनी दिवा घेतलेला फोटोग्राफर, सगळ्यात मागं मोटारसायकलवर परमेश्वर. दादांनी कडक इस्त्रीचे पांढरेशुभ्र कपडे घातले होते. इतके पांढरे की म्हैस एक पाऊल मागं सरली.

टब अजून अंगणातच होता; दादा त्याच्यापाशी वाकले. "शून्य," ते म्हणाले, आणि समाधानानं उभे राहिले. "मावशी, कशाला घाबरत होता? तुमचं शून्य अगदी शाबूत हाय."

"दादा, जरा थांबा. दिवस बुडू द्या."

"मावशी, मला अजून दोन सत्कार आन एक वर्षश्राद्ध हाय. ए, लाव बे तो दिवा, फोटो उरकू."

फोटोग्राफरनं चौकोनी दिवा लावला. लख्ख उजेड दादांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला. त्याच घटकेला शेवग्याजवळ सापळ्याचा निळसर दिवाही आपोआप लागला; वेळ झाली होती त्याची. बोलावल्याशिवाय वेळेवर येणारं त्या अंगणात तेवढंच एक होतं.

पहिली आली कुंकवाची. दादांच्या कॉलरवर बसली. मग दोन, मग पाच. शेवग्याच्या सावलीत दुपारी सोडलेले सगळे तिथंच होते, दहा पावलांवर. त्यांनी सापळ्याच्या दिव्याकडं एकदा बघितलं, दादांकडं एकदा बघितलं आणि मतदान केलं. दोन मिनिटांत दादांच्या खांद्यावर, पाठीवर, बाह्यांवर पतंगच पतंग. टोपीवर दोन साखराबाया. बंकट तीस-पस्तीस, दादांभोवती घिरट्या घालत, बसायचं की नाही ते न ठरलेले.

"मावशी, हे काय!"

"हलू नका दादा!" छबुबाई कोंबडीचं पीस घेऊन पळत आली. "हलला तर पयल्यापास्नं मोजावं लागंल. परमेश्वरा, लिव. उजव्या खांद्यावर सतरा. पाठीवर एकोनचाळीस. दादा, हात वर. काखंत सहा."

दादांनी हात वर केला. का केला ते त्यांना आजही सांगता येत नाही. छबुबाईच्या आवाजात असं काही होतं की अध्यक्षांनी हात वर केला.

"एकशे सव्वीस!" ती म्हणाली. डोळे पेटलेले. "एकशे सव्वीस पतंग! लिवलं?"

परमेश्वर मोबाइलकडं बघत घामाघूम झाला होता. 'कुठे आढळले' या रकान्यात तीनच पर्याय होते: टब, पान, फळ. अध्यक्ष हा पर्याय नव्हता.

"परमेश्वर," दादा ओठ न हलवता म्हणाले, कारण ओठावर एक होता. "माझ्या अंगावर पतंग बसले, असं लेखी जाणार हाय का?"

"न्हाई दादा."

"मग बसले न्हाईत."

"बसले न्हाईत दादा."

"आंधळे झाला का रं!" छबुबाई ओरडली. साखराबाई कुंपणावर येऊन उभी राहिली होती, ती म्हणाली, "मला दिसत्यात, आक्का! मी बी हाय त्यात!" पण साखराबाई समितीत नव्हती.

आणि तेव्हा तो आला. कण्हेरीच्या अंगानं, सरळ, घाई न करता. हिरवा शालू. दोन वर्षांत चौथ्यांदा. दादांच्या छातीवर, बरोबर खिशाच्या वर, पंख पसरून बसला. चौकोनी दिव्याच्या उजेडात त्या गुलाबी लाटा अशा दिसल्या की फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला.

छबुबाईचा आवाज एकदम उतरला. "दादा," ती म्हणाली, "बगा. नुसतं बगा त्याच्याकडं. ह्यो आला. आता तुमीच सांगा, शून्य हाय का?"

दादांनी खाली बघितलं. मग बक्षिसाच्या पिशवीतून बॅट काढली, बटण दाबलं आणि स्वतःच्या छातीवर टेकवली.

चट्.

एक बारीक धूर निघाला. जळक्या केसांसारखा वास. हिरवा शालू घरंगळला आणि खाली टबात पडला. पुसलेल्या, चकचकीत टबात.

छबुबाई टबावर वाकली.

"टबात एक हाय," छबुबाई म्हणाली. "परमेश्वरा, टब हाय ना तुज्या अॅपात? टबात एक हाय. लिव."

परमेश्वरानं टबात बघितलं. "मावशी, मेलेला धरत न्हाईत. जिवंत पाहिजे."

"तूच म्हनला व्हतास, मारून मोजा!"

"ती जुनी सूचना होती. औंदा बदलली."

दादांनी शाल छबुबाईच्या खांद्यावर टाकली, नारळ डाव्या हातात दिला, बॅट उजव्या हातात दिली. "हसा मावशी," फोटोग्राफर म्हणाला. तो फोटो आहे. त्यात छबुबाई कॅमेऱ्याकडं बघत नाही, दादांकडं बघते, आणि बॅट जरा वर गेलेली दिसते. त्याच्यापुढचा फोटो नाही.

पुढं काहीही झालं नाही. दादांच्या सदऱ्यावर पाठीमागं बॅटच्या जाळीचा ठसा उठला आणि दादा वर्षश्राद्धाला न जाता थेट घरी गेले असं साखराबाई सांगते, पण साखराबाई काहीही सांगते. बॅट मोडलेली सापडली, ती निकृष्ट होती म्हणून.

बुधवारी सकाळी परमेश्वर येऊन सापळा खोलून घेऊन गेला. टब पण नेला. जाताना म्हणाला, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका." हिरवा शालू छबुबाईनं आधीच काढून घेतला होता, वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानात ठेवला होता आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

संध्याकाळी दिवा लागायच्या वेळेला ती शेवग्याखाली पाट टाकून बसली. तीन लोखंडी पायांच्या जागी तीन खड्डे होते.

"जेवतीस का?" मोहनरावांनी आतून विचारलं.

"लिवायलेय."

तिसऱ्या वहीची चार पानं कोरी उरली होती. तिनं त्यातलं एक फाडलं.

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख साहेब,
परसबाग स्पर्धा कक्ष.

विषय: शून्य परत घेणेबाबत व रिकाम्या जागेबाबत.

महोदय,

वरील विषयी अर्ज करते की, मी छबुबाई मोहनराव वायभट, राहणार सोनखडी, वय एकसष्ट, शिक्षण चौथी. माझ्या परसबागेत दोन वर्षांत अठ्ठावन्न हजार तीनशे बारा पतंग आले. त्याच्यानंतर सोमवारचे एकशे त्रेचाळीस. आपल्या दप्तरी शून्य आहे. आपले शून्य चुकीचे असून ते या अर्जासोबत परत करीत आहे. बक्षीसही परत करीत आहे. नारळ चटणीत गेला, त्याची वाटी जोडली आहे. बॅट दोन तुकड्यांत आहे, मोजून घ्यावी.

मंगळवारी एक पतंग आपल्या समितीच्या हातून मयत झाला. तो माझ्याकडे ठेवला आहे. त्याची नोंद आपल्या दप्तरी करावी व कारणाच्या रकान्यात मा. अध्यक्ष असे लिहावे.

तसेच माझा सापळा गरज नाही म्हणून नेण्यात आला आहे. तरी पाहणीत असे दिसून आले की, पतंग सापळ्यापेक्षा मा. विजयसिंह दादांवर जास्त येतात. त्यांना पाणी लागत नाही, रॉकेल लागत नाही, व टब पुसावा लागत नाही.

सबब विनंती की, सापळ्याच्या बदली मा. दादांना माझ्या परसबागेत शेवग्याजवळील तीन खड्ड्यांच्या जागी कायमस्वरूपी बसवून मिळावे. वेळ रोज सायंकाळी सात ते दहा. कपडे पांढरे. मोजणी होईपर्यंत त्यांनी हलू नये, व आपण तसे लेखी आदेश द्यावेत.

आपली विश्वासू,
सही (अंगठा नाही)
छबुबाई मोहनराव वायभट